नव्या इंजिनिअरला आधी उत्तर द्या, मग बक्षीस

मंडळी, चाकण-रांजणगावच्या पट्ट्यातले बरेच व्यवस्थापक समोर बसलेत, म्हणून तत्त्वज्ञान बाजूला ठेवतो आणि कायझेनच्या, म्हणजे कामातल्या छोट्या सुधारणांच्या, फॉर्मपासून सुरुवात करतो. डावीकडे ‘आधी’चा फोटो, उजवीकडे ‘नंतर’चा, खाली साहेबांची सही. आणि मध्ये एक रकाना: ‘वार्षिक बचत, रुपयांत’. पावसाळ्यात रुजू झालेला जीईटी, म्हणजे ग्रॅज्युएट इंजिनिअर ट्रेनी, इथंच अडतो. मशिनवर जॉब, म्हणजे घडवायचा भाग, धरून ठेवणारं फिक्स्चर थोडं उचललं तर ऑपरेटरला दर जॉबमागे वाकावं लागणार नाही, हे त्याला दिसलेलं असतं. पण मशिनचा तासाचा खर्च त्याला ठाऊक नसतो आणि कॉस्टिंगवाले त्याला दारात उभं करत नाहीत. फॉर्म ड्रॉवरमध्ये जातो. वर्षअखेरीस आपणच म्हणतो, हल्लीच्या पोरांना कशात रसच नाही! पहिलं वर्षभर तो आकडा सुपरवायझरने भरावा, एवढं केलं तरी पुष्कळ.

आपला नेहमीचा उपाय म्हणजे बक्षीस वाढवणं. पाचशेचं व्हाउचर दोन हजारांचं करायचं. पैसा नको असतो असं मी म्हणत नाही. पगार कमी ठेवून टाळ्यांवर भागवणाऱ्यांची वकिली मला करायची नाही. पण नव्या मुलाला आधी उत्तर हवं असतं. हो, नाही, की अजून मोजून आण, हे आठवडाभरात कळायला हवं. आणि प्रेझेंटेशनवर नाव त्याचं हवं. वरच्या मीटिंगमध्ये साहेब ‘आम्ही केलं’ म्हणाले, की त्या पोराची दुसरी कल्पना तुमच्या कानावर येत नाही.

टोयोटाचे एइजी टोयोडा १९५० मध्ये अमेरिकेत फोर्डचा कारखाना बघायला गेले. कामगारांनी सुधारणा सुचवायची तिथली सूचना योजना त्यांनी पाहिली आणि १९५१ मध्ये टोयोटात तशी सुरू झाली. बहुतेक सूचनांना मिळणारी रक्कम तिथं किरकोळच.

थ्रीएम या अमेरिकन कंपनीची गोष्ट याहून बोलकी. तिथले शास्त्रज्ञ स्पेन्सर सिल्व्हर यांनी १९६८ मध्ये धड न चिकटणारा गोंद बनवला. उपयोग कुणालाच सुचेना, तरी ते कंपनीत सगळ्यांना सांगत राहिले. १९७४ मध्ये त्यांचे सहकारी आर्ट फ्राय यांना चर्चच्या गायनपुस्तकातल्या निसटणाऱ्या खुणांसाठी तो आठवला. त्यातूनच १९८० मध्ये पोस्ट-इट, म्हणजे चिकटवून परत काढता येणाऱ्या चिठ्ठ्या, हे उत्पादन अमेरिकेत सर्वत्र विकायला आलं. आपल्याकडे ती फाइल पहिल्याच रिव्ह्यूत बंद झाली असती.

टाटा समूहाच्या इनोव्हिस्टा स्पर्धेत ‘डेअर टू ट्राय’ हा विभाग फसलेल्या, पण प्रामाणिक प्रयत्नांसाठी आहे. कल्पना मला आवडते. मात्र शॉपफ्लोअरवर फसायलाही मशिन लागतं. प्रॉडक्शनवाला ते देत नाही, कारण त्याला शिफ्टचा आकडा गाठायचा असतो, आणि त्याचंही काही चुकत नाही. म्हणून ट्रायलचे तास महिन्याच्या प्लॅनमध्येच धरा आणि ट्रायलमधलं रिजेक्शन, म्हणजे बाद झालेले जॉब, प्रॉडक्शनवाल्याच्या आकड्यातून वगळा.