इंटरफेस नवा, पण आवाज लॅपटॉपच्याच माइकचा? ड्रायव्हरची भानगड सोडवू

गणपती तोंडावर आले की माझ्या कमेंटमध्ये एकच रांग लागते. "दादा, आरती रेकॉर्ड करायला इंटरफेस घेतला, आवाज उशिरा ऐकू येतोय." "दादा, मध्येच कडकड येते." आणि त्याखाली कोणीतरी जाणकार हमखास लिहितो, "एसिओ फोर ऑल टाक, सगळं ठीक होईल."

नाही हो, नाही होणार!

बेसिक पटकन उरकतो. इंटरफेस म्हणजे माइकचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारा डबा, आणि ड्रायव्हर म्हणजे त्या डब्याला विंडोजशी बोलायला लावणारं सॉफ्टवेअर. वायर डेटावाली हवी, नुसती चार्जिंगची नको. हबमध्ये न घालता थेट लॅपटॉपमध्ये लावा. विंडोजच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये मायक्रोफोनची परवानगी चालू ठेवा. झालं.

आता मुद्दा. एसिओ ही स्टाइनबर्ग कंपनीने आणलेली पद्धत. त्यात रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर विंडोजच्या मिक्सरला वळसा घालून इंटरफेसशी जवळपास थेट बोलतं, म्हणून उशीर कमी. पण त्यासाठी तुमच्या इंटरफेसचा स्वतःचा एसिओ ड्रायव्हर लागतो. एसिओ फोर ऑल हा तसा ड्रायव्हर नाहीच. विंडोजच्या साध्या ड्रायव्हरला तो एसिओचा मुखवटा चढवतो. ज्यांच्याकडे फक्त लॅपटॉपचं साउंड कार्ड आहे, त्यांच्यासाठी झकास, फुकट. मी त्याला नावं ठेवत नाहीये. पण सात-आठ हजारांचा इंटरफेस घेऊन त्यावर मुखवटा कशाला?

एक तबलजी मित्र आहे. म्हणाला, "माइक बदलला तरी डग्गा पत्र्यासारखा वाजतो." मी फोनवर सांगितलं, लॅपटॉपच्या कडेवर नखाने टकटक कर. मीटर टुणकन वर! म्हणजे आवाज चालला होता लॅपटॉपच्या माइकमधून, आणि महागडा माइक स्टँडवर शोभेला. एसिओ फोर ऑलच्या पॅनेलमध्ये इनबिल्ट कार्ड चालू राहिलं होतं. ही टकटक तुम्हीही करून बघा, दोन सेकंदांचं काम.

(स्क्रीन रेकॉर्डिंग: रीपर हे रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर, ऑप्शन्स, प्रेफरन्सेस, ऑडिओ, डिव्हाइस)

इथे बघा. ऑडिओ सिस्टीम एसिओ, आणि खालच्या यादीत तुमच्या इंटरफेसच्या कंपनीचं नाव निवडायचं. नावच दिसत नाही? मग ड्रायव्हर बसलेला नाही. कंपनीच्या साइटवर जा, तुमचंच मॉडेल आणि तुमचीच जनरेशन बघून उतरवा. इंटरफेस काढून ठेवा, इन्स्टॉलर सांगेल तेव्हाच लावा. जुना ड्रायव्हर असेल तर आधी अ‍ॅप्समधून काढा. मग रीस्टार्ट. शटडाउन नाही, रीस्टार्ट! फास्ट स्टार्टअप चालू असलं तर शटडाउनमध्ये विंडोज पूर्ण बंद होतच नाही.

"पण दादा, मागच्या लॅपटॉपवर फोर ऑलनेच चालायचं." चालत असेल. पण फोर ऑल डिव्हाइस स्वतःच्या ताब्यात घेतं, म्हणून तिकडे रेकॉर्डिंग चालू आणि इकडे यूट्यूब मुकं, अशी तक्रार घेऊन पुन्हा तुम्हीच येता. कंपनीचे बरेचसे ड्रायव्हर दोन्ही एकदम चालवतात.

उशिराचं गणित सोपं आहे. ४८,००० हर्ट्झला (सेकंदाला आवाजाचे ४८,००० नमुने) बफर (लॅपटॉप एका घासात घेतो तेवढे नमुने) २५६ म्हणजे सुमारे ५.३ मिलिसेकंद. १०२४ केला की २१ च्या वर. हा फक्त एका बाजूचा हिशोब, ऐकू येईपर्यंत आणखी भर पडते. गाताना कमी ठेवा, मिक्सिंगला वाढवा. कमी बफरला कडकड आली तर थोडा वर न्या. तरीही थांबली नाही तर लेटन्सीमॉन (कोणता ड्रायव्हर अडथळा आणतोय ते दाखवणारं सॉफ्टवेअर) चालवा, बऱ्याचदा वायफायचा ड्रायव्हर सापडतो.

आणि सॅम्पल रेट, म्हणजे तो सेकंदाच्या नमुन्यांचा आकडा, सगळीकडे एकच ठेवा. ४८,००० चं रेकॉर्डिंग ४४,१०० ने वाजलं, तर काळी दोनचा अभंग काळी एक आणि पांढरी दोनच्या मध्ये कुठेतरी लोंबकळतो, वर लय संथ. आमच्याकडे एका बुवांनी त्यावरून पेटीवाल्याला झापलं होतं. पेटी बिचारी सुरातच होती.

मॅकवाले विचारतील. तुमच्याकडे मॅकची स्वतःची पद्धत, कोअर ऑडिओ, आहे, फोर ऑलचा प्रश्नच नाही, तुमच्यासाठी वेगळा व्हिडिओ करतो.

आणि कमेंटमध्ये नुसतं "चालत नाही" लिहू नका. इंटरफेसचं मॉडेल, विंडोज १० की ११, आणि त्या यादीत निवडलेलं नाव, एवढं लिहा. तिथे फोर ऑल दिसलं, तर मी उत्तरात याच व्हिडिओची लिंक टाकणार आहे.