‘घरातच आहेस ना?’

नमस्कार. पत्रिकेत आजचा विषय ‘घरून काम आणि कार्यक्षमता’ असा छापलाय. मी त्यात मनातल्या मनात एक शब्द घातला आहे. भरल्या घरातून काम. एकटा माणूस घरून काम करतो तेव्हा फार तर आळस आडवा येतो. भरल्या घरात आळस करायलाही सवड मिळत नाही. तिथली अडचण निराळी असते आणि मला तिच्याबद्दलच बोलायचंय.

मी भाषांतराचं काम करते. करारनामे, यंत्रांची माहितीपुस्तकं, कधी औषधाच्या खोक्यातली ती बारीक अक्षरांची घडी घातलेली पत्रकं. 2009 पासून हे सगळं घरातूनच चालतं. घरात नवरा, मुलगा आणि सासूबाई. 2020 मध्ये अख्खं जग घरी बसलं तेव्हा ओळखीचे लोक फोन करून विचारायचे, ‘तुला इतकी वर्षं कसं जमलं गं?’ खरं सांगायचं तर पहिली चार वर्षं जमलंच नव्हतं.

त्या काळातली एक दुपार सांगते. मुलगा सहा वर्षांचा, नुकताच घड्याळ वाचायला शिकलेला. मी करारनाम्यातल्या एका वाक्यात अडकले होते. नऊ ओळींचं वाक्य, त्यात तीन ‘परंतु’. तो दारात आला. ‘आई.’ मी मान न वळवता म्हटलं, ‘दोन मिनिटं हं, राजा.’ तो गेला, परत आला. ‘आई, झाली दोन मिनिटं.’ ‘अजून दोन.’ असं बराच वेळ चाललं. शेवटी मी वळले तेव्हा तो उंबऱ्यावर बसला होता. मांडीवर गजराचं घड्याळ, हातात पेन्सिल आणि वहीच्या मागच्या पानावर अकरा रेघा. ‘तुझी दोन मिनिटं अकरा वेळा झाली,’ म्हणाला. रुसला नव्हता, नुसता हिशेब सांगत होता. आणि काम काय होतं? खालचा एक दात हलत होता, तो मला दाखवायचा होता. जिभेने ढकलून दाखवला. वीस सेकंद लागली असतील.

म्हणजे वीस सेकंदांच्या कामापायी माझी तंद्री अकरा वेळा मोडली, ते वाक्य संध्याकाळपर्यंत झालं नाही आणि पोराच्या लेखी आईच्या शब्दाची किंमत गेली. एक ना धड, भाराभर चिंध्या.

तेव्हा मी दोष घरच्यांना दिला. दारावर ‘काम चालू आहे’ अशी पाटी लावली. सासूबाई पाटी वाचून आत यायच्या आणि म्हणायच्या, ‘अगं, काम चालू आहे ना, मग चालू दे. मी फक्त विचारायला आले.’ त्यांचं चुकत होतं असं मला आता वाटत नाही. मी दिवसभर एका जागी बसून एका चौकोनाकडे बघत होते. मी करारनामा वाचतेय की नातेवाइकांच्या लग्नाचे फोटो बघतेय, हे पाठीमागून बघणाऱ्याला कळायचं कसं?

मला वाटतं, सगळ्या गुंत्याचं मूळ इथे आहे. घरच्यांना आपलं काम दिसत नाही. घरात बसून काम करणं माणसाला नवीन नाही, उलट घराबाहेर कामाला जाणं हीच त्या मानाने अलीकडची, कारखान्यांबरोबर सर्वदूर झालेली रीत आहे. विणकर, कुंभार, शिंपी घरातच काम करत आणि पोरंबाळं तिथेच वावरत. पण मागाचा आवाज चालू आहे तोवर बाप कामात आहे, हे पोराला कळायचं. आवाज थांबला की माणूस मोकळा. हात चिखलात असले की कुंभाराला कुणी कपाटाची किल्ली मागत नसे. आपल्या कामाला आवाज नाही, चिखल नाही, दिवसाच्या शेवटी दाखवायला मडकंही नाही. ‘घरातच आहेस ना, मग जरा…’ हे वाक्य तिथून येतं. त्यात दुष्टपणा नसतो.

‘टेलिकम्युटिंग’, म्हणजे ऑफिसात न जाता दुरून काम करणं, हा शब्द 1973 मध्ये जॅक निल्स या अमेरिकन अभियंत्याने काढला. तो गृहस्थ वाहतूककोंडीला वैतागला होता. रोज हजारो माणसं इकडून तिकडे नेण्यापेक्षा कामच तारेवरून माणसाकडे का पाठवू नये, असा त्याचा सवाल. गंमत अशी, की त्याच्या सुरुवातीच्या प्रयोगात लोक घरी बसलेच नाहीत. एका विमा कंपनीचे कर्मचारी घराजवळच्या छोट्या कार्यालयांत जाऊन बसत. प्रवास वाचला, पण कामाने घराचं दार ओलांडलं नाही. दारापलीकडचं सगळं आपल्या वाट्याला आलं.

घरून काम केलं की काम वाढतं, याच्या पुराव्यादाखल एक आकडा नेहमी पुढे केला जातो, 13 टक्के. तो निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीट्रिप या चिनी प्रवास कंपनीच्या कॉल सेंटरमध्ये केलेल्या प्रयोगातला आहे. नऊ महिने काही कर्मचारी आठवड्यातले चार दिवस घरून काम करत होते. 2015 मध्ये निबंध छापून आला. आकडा खरा आहे, पण निवडीची अट वाचा. ज्याला घरी कामासाठी स्वतंत्र जागा आहे, म्हणजे कामाच्या वेळात खोली त्याच्या एकट्याची आहे, तोच पात्र. आणि त्या 13 मधले सुमारे 9 टक्के कशाने वाढले? मधल्या सुट्ट्या आणि आजारपणाच्या रजा कमी झाल्यामुळे लोक जास्त मिनिटं काम करत होते. उरलेले 4 शांत जागेचे. शिवाय प्रयोग संपल्यावर कुणाला कुठे बसायचंय असं विचारलं, तेव्हा घरून काम करणाऱ्यांपैकी निम्मे आपणहून ऑफिसात परतले. घरी एकटं एकटं वाटत होतं म्हणे. माझ्याकडे दुपारी चारला यायला हवं होतं त्यांनी.

तर प्रश्न येतो खोलीचा. घरात दार लागणारी एकच मोकळी खोली असेल तर ती कुणाला मिळते? मी अनेक घरांत पाहिलंय. नवरा-बायको दोघंही घरून काम करतात, तो दार लावून आत आणि ती जेवणाच्या टेबलावर, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या वाटेत. विचारलं तर उत्तर तयार असतं, ‘त्याचे कॉल फार असतात.’ असतीलही. पण तिच्या कामाला शांतता लागत नाही, हे कुणी ठरवलं? आमच्याकडेही वर्षभर असंच होतं. मग आम्ही रोज रात्री दहा मिनिटं बसायला लागलो. दुसऱ्या दिवशी कुणाचं कुठलं काम मोडलं तर चालेल आणि कुणाचं मोडून चालणार नाही, एवढंच बोलायचं. ज्याचं मोडून चालणार नाही, त्याला त्या वेळेपुरती खोली. जो बाहेर, तो ड्युटीवर. बेल वाजली, कुणी पडलं, कुणाला काही सापडेना, सगळं त्याच्या नावावर. ‘मदत लागली तर सांग’ असं म्हणून आत बसणाऱ्याला ड्युटीवर धरत नाहीत, हे मी नवऱ्याला पहिल्याच आठवड्यात सांगितलं.

मोडणारं आणि न मोडणारं काम, ही वाटणी मला फार उपयोगी पडली. पावत्या लावणं, निरोपांना उत्तरं देणं, छापलेल्या मजकुरावरून शेवटची नजर फिरवणं, ही कामं चारदा उठलं तरी बिघडत नाहीत. करारनाम्यातलं ते नऊ ओळींचं वाक्य बिघडतं. पूर्वी मी सकाळी ताज्या डोक्याने पावत्या लावायचे, कारण त्या पटापट होतात आणि बरं वाटतं, आणि भर दुपारी सगळं घर जागं असताना वाक्याशी झुंजायचे. आता उलट करते. घर झोपेत असतं किंवा शाळेत असतं तो वेळ वाक्याचा.

आणि दिसत नाही ते दिसेल असं करायचं. पाटीने ते झालं नाही, कारण पाटी दिवसभर लटकलेली. कायम लावलेली खूण ही खूणच राहत नाही. दिवसभर कानांवर हेडफोन घालून बसणाऱ्यांचंही हेच होतं. मग मी टेबलावर एक छोटा दिवा ठेवला. दिवा लागलेला असेल तर रक्त, आग आणि पाणी सोडून काहीही नाही. दिवा बंद असेल तर खुशाल या. अट एकच, दिवा दीड तासाच्या वर लावायचा नाही आणि विझवल्यावर खरोखर उठायचं. हे उठणं फार महत्त्वाचं आहे. पहिले काही दिवस मुलगा दिवा विझायची वाट बघत बसायचा. नंतर त्याची खात्री पटली आणि तो खेळायला जायला लागला. सासूबाईंना मी सकाळीच सांगते, ‘आई, अकरा ते बारा मला बोलायचंय लोकांशी, बारानंतर तुमच्यापाशी येऊन बसते.’ मीटिंग, डेडलाइन हे शब्द त्यांना सांगून उपयोग नव्हता. बारानंतर सून येते हे कळल्यावर त्या साडेअकराला येईनाशा झाल्या.

‘दोन मिनिटं’ हा शब्दप्रयोग मी सोडून दिला. आता कुणी दारात आलं की आधी वळून विचारते, काय आहे? हलणारा दात असेल तर तो लगेच बघायचा. मोठं काम असेल तर खरी वेळ सांगायची.

उठण्याआधी मात्र एक गोष्ट करते. सोफी लरॉय या संशोधिकेने 2009 मध्ये दाखवून दिलं, की एका कामावरून दुसऱ्याकडे गेलं तरी मन काही काळ पहिल्या कामापाशीच रेंगाळतं, विशेषतः ते अर्धवट टाकलेलं असेल तर. पुढे 2018 मध्ये टेरेसा ग्लोम्ब यांच्यासोबत केलेल्या अभ्यासात त्यावरचा तोडगाही त्यांनी तपासला. उठण्यापूर्वी आपण कुठे आहोत आणि परत आल्यावर पहिलं काय करायचं, हे एका ओळीत लिहून ठेवायचं. माझ्या टेबलावर अशा चिठ्ठ्या असतात, ‘तिसऱ्या परंतुपासून, कर्ता शोध.’ दुसऱ्या कुणाला त्याचा अर्थ लागणार नाही. मला लागतो, आणि मुख्य म्हणजे मुलाशी बोलताना डोक्यात तो परंतु घुमत नाही.

आणखी एक आकडा तुम्ही ऐकला असेल. ग्लोरिया मार्क यांच्या अभ्यासात मोडलेल्या कामाकडे परत यायला माणसांना सरासरी 23 मिनिटं लागली. त्यांनीच दाखवलेली दुसरी गोष्ट फारसं कुणी सांगत नाही. जवळजवळ निम्म्या वेळा कामातून माणूस आपला आपणच उठतो, बाहेरून कुणी हाक मारलेली नसते. हा अभ्यास ऑफिसातला. घरी वेगळं काही होत असेल असं मला वाटत नाही, फक्त घरी दोष द्यायला माणसं हाताशी असतात. मी एक आठवडा त्या पोराची युक्ती वापरली, वहीच्या मागच्या पानावर रेघा मारल्या. घरच्यांच्या रेघा एका बाजूला, माझ्या फोनच्या दुसऱ्या. दुसरी बाजू आधी भरली. ते पान मी घरात कुणाला दाखवलेलं नाही.

यातलं काहीही दोन-तीन वर्षांच्या मुलाच्या घरात चालत नाही. दिवा, चिठ्ठी, खरी वेळ, त्या वयाला यातलं काही लागू नाही. तिथे दुसरं मोठं माणूस हवं, पगारी किंवा घरचं, आणि ते नसेल तर काम कमी घ्यायचं. अशा आईला किंवा बापाला पहाटे चारला उठा म्हणून सांगणारे लोक मला आवडत नाहीत. ती माणसं आधीच चारला उठलेली असतात.

खुर्ची कुठली घ्यावी, असं मघाशी एकांनी विचारलं. पाठीला आधार हवा, पाय जमिनीला टेकावेत, स्क्रीनची वरची कड साधारण डोळ्यांच्या रेषेत. याहून जास्त मला त्यातलं कळत नाही.

राहिला संध्याकाळचा प्रश्न आणि तो मला अजून सुटलेला नाही. ऑफिसातून निघणाऱ्याला परतीचा रस्ता असतो, त्या रस्त्यात काम गळून पडतं. माझं टेबल आणि माझा पलंग यांत चार पावलं आहेत. बरेच दिवस मी रात्री जेवताना टेबलाखाली फोन धरून निरोप वाचायचे. अंग पानावर, लक्ष करारनाम्यात. आता सात वाजता लॅपटॉप आणि कामाचा फोन, दोन्ही कपाटात ठेवते. कपाटाचं दार नीट लागत नाही, फटीतून फोनचा उजेड दिसतो. सुतार दोनदा येऊन गेला. आता तुमचे प्रश्न घेऊ, मागच्या रांगेपासून सुरुवात करूया.