अक्षरं रंगवायला शिकवणारी जुनी पुस्तकं अख्खी जपा

नमस्कार मंडळी! आज बोलायचंय ते हाताने अक्षरं आणि पाट्या रंगवायला शिकवणाऱ्या जुन्या पुस्तकांबद्दल. ब्रश कसा धरायचा, कुठला स्ट्रोक आधी कुठला नंतर, काचेच्या मागच्या बाजूने सोन्याचा वर्ख कसा बसवायचा, हे सगळं शिकवणारी पुस्तकं. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या पहिल्या तीसेक वर्षांत अशी भरपूर निघाली, फ्रँक अ‍ॅटकिन्सन यांचं 1909 चं, चार्ल्स स्ट्राँग यांचं 1910 चं, आणि ती वापरायचीच पुस्तकं होती, त्यामुळे त्यांच्यावर रंगाचे डाग असतात, पानं निखळलेली असतात. पुढे 1980 च्या दशकात कॉम्प्युटरवर विनाइलची, म्हणजे चिकटवायच्या प्लास्टिकची अक्षरं कापणारी मशिनं आली, हाताचं काम कमी झालं आणि बरीचशी पुस्तकं रद्दीत गेली. जी उरली ती जपायचीत, आणि माझं म्हणणं एकच आहे, पुस्तक अख्खं जपा. नुसती देखण्या अक्षरांची पानं नाही, अख्खं पुस्तक.

का ते सांगते, आणि त्यासाठी मला एडवर्ड कॅटिच यांची गोष्ट सांगायचीये, ही मी जमेल तिथे सांगत असते.

रोममध्ये सम्राट ट्राजनचा स्तंभ आहे, इसवी सन 113 चा. खाली दाराच्या वर संगमरवरात सहा ओळी कोरल्यात. रोमन लिपीतली मोठी अक्षरं किती सुंदर असू शकतात याचा नमुना म्हणून जगभरचे अक्षरं शिकणारे लोक त्या ओळींकडे बघत आलेत. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये अख्ख्या स्तंभाची प्लास्टरची प्रतिकृती आहे, ती बघूनही कितीतरी जण शिकले. आता या अक्षरांच्या टोकांना जे छोटे पाय फुटलेले असतात ना, सेरिफ म्हणतात त्यांना, ते आले कुठून? बहुतेकांचं उत्तर ठरलेलं होतं, छिन्नीमुळे. दगडात रेघ कोरली की टोक नीट बंद करायला आडवा घाव घालावा लागतो, झाला सेरिफ. पटण्यासारखं आहे, आणि लोकांना पटलंही होतं.

कॅटिच यांचा जन्म 1906 चा, अमेरिकेतला. लहानपणीच आईवडील गेले, इलिनॉयमधल्या एका अनाथाश्रमात वाढले आणि तिथेच पाट्या रंगवायला शिकले. पुढे शिकागोत साइन पेंटर म्हणून काम केलं, बँडमध्येही वाजवायचे. मग धर्मगुरू व्हायचं ठरवलं आणि 1930 च्या दशकात शिक्षणासाठी रोमला गेले. तिथे हा माणूस त्या सहा ओळींसमोर उभा राहिला, आणि बघा, आधीच्या अभ्यासकांना जिथे छिन्नी दिसत होती तिथे याला ब्रश दिसला! चपटा ब्रश, जो त्याने वर्षानुवर्षं हातात धरला होता. रेघ ओढताना ब्रश बोटांत किंचित फिरवला की जाडी बदलते, शेवटी थांबताना वळवला की टोक आपोआप पसरतं. तोच सेरिफ! म्हणजे कारागिराने आधी दगडावर चपट्या ब्रशने अक्षर लिहिलं आणि मग त्या लिहिलेल्यावरून छिन्नी चालवली. छिन्नीने आकार ठरवला नाही, ब्रशने ठरवला. कॅटिच नुसतं म्हणून थांबले नाहीत, शिलालेखाचे ठसे घेतले, एकेक अक्षर मोजलं, कुठला स्ट्रोक आधी कुठला नंतर ते ब्रशने लिहून दाखवलं, आणि 1968 मध्ये सेरिफच्या उगमावरचं त्यांचं पुस्तक आलं. आज या म्हणण्याला अभ्यासकांमध्ये मोठी मान्यता आहे.

(जाता जाता सांगते, 1989 मध्ये कॅरोल ट्वॉम्ब्ली यांनी याच अक्षरांवरून फॉन्ट केला, सिनेमाच्या पोस्टरवर तुम्ही तो शंभरदा पाहिला असेल. फॉन्ट सुंदरच आहे. पण मूळ दगडावर एकच अक्षर दोन ठिकाणी थोडं वेगळं येतं आणि मला विचाराल तर खरी मजा त्या फरकातच आहे.)

आता गोष्टीतला मला सगळ्यात आवडणारा भाग. चपट्या ब्रशचा हा अंदाज आधीच छापलेला होता! कुठे, तर एडवर्ड जॉन्स्टन यांच्या 1906 च्या अक्षरलेखन शिकवणाऱ्या पुस्तकात, विल्यम लेथाबी यांनी लिहिलेल्या प्रस्तावनेत. ही रोमन अक्षरं चपट्या, ताठ ब्रशच्या सततच्या सरावातून घडली असणार, असं ते सरळ म्हणून गेलेत. प्रस्तावनेत, मंडळी! म्हणजे नेमकं ते पान जे कुणी फ्रेम करत नाही.

म्हणून मी परत परत सांगते, अख्खं पुस्तक. चांगल्या पुस्तकाची शिवण सोडवून त्यातली चित्रांची पानं सुटी विकणं मला अजिबात मान्य नाही, कारण भिंतीवर जातं ते तयार अक्षर, आणि बाण आणि आकडे घालून हात कसा फिरवायचा ते दाखवणारी पानं फेकली जातात. तयार अक्षर तर त्या दगडावरही होतं, सगळ्यांना दिसतही होतं, पण हात कसा फिरला ते ओळखायला पाट्या रंगवणारा माणूस लागला.

बाकी काळजी घरातल्या कुठल्याही जुन्या पुस्तकाची घेता तशीच, ओल, ऊन, कसर, वाळवी तुम्हाला माहीतच आहे. दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. त्या काळचा कागद बहुतेक लाकडाच्या लगद्याचा, त्यात आम्ल असतं, तो आतूनच पिवळा पडून ठिसूळ होतो, त्यामुळे घडीची पानं ताणून उघडू नका आणि फाटलं तर चिकटपट्टी लावू नका. चिकटपट्टी नको, तिचा गोंद कागदात उतरतो आणि मग निघत नाही.

दुसरं, स्कॅन रंगीत करा. हो, रंगीत, अक्षरं काळी असली तरी, कारण कुणीतरी पेन्सिलीने केलेली खूण आणि छापील रेघ यातला फरक काळ्या-पांढऱ्या कॉपीत पुसला जातो. स्कॅनरवर सहाशे डीपीआय ठेवा (दर इंचात किती ठिपके टिपायचे त्याचं माप), प्रस्तावना घ्या, मागच्या ब्रशच्या जाहिराती घ्या, त्यातून कुठल्या केसाचा, किती रुंद ब्रश वापरायचे ते कळतं. अमेरिकेत प्रकाशनाला 95 वर्षं झालेली पुस्तकं कॉपीराइटमधून मोकळी होतात, त्यामुळे 1909, 1910 ची ही पुस्तकं केव्हाच मोकळी झालीत, इंटरनेट आर्काइव्ह या मोफत ऑनलाइन संग्रहात अशी बरीच सापडतील. तुमच्याकडच्या प्रतीत कुणी समासात काही लिहून ठेवलं असेल तर आधीच एक प्रत तिथे आहे म्हणून थांबू नका, तुमचीही चढवा, ते समास दुसऱ्या कुठल्याच प्रतीत नाहीत. नमस्कार.