गटाला पहारा हवा

मंडळी, व्हॉट्सअ‍ॅपच्या एका गटात २०२२ च्या सुरुवातीला २५६ माणसं मावायची. त्याच वर्षाअखेर १०२४ मावू लागली. तेव्हापासून आपल्याकडं जो तो गट मोठा करायच्या मागं लागलाय. माणसं जमवणं सोपं आहे हो, लिंक फिरवली की झालं. पुढं काय?

समजा, जिंतूरकडच्या एका पोरानं पिवळ्या पडलेल्या सोयाबीनचा फोटो टाकला आणि विचारलं, ‘काय करू?’ खाली पाच जणांचे गुलाबाचे फोटो, एक वाढदिवस, एक राजकीय व्हिडिओ. प्रश्न वर गेला तो गेलाच. किंवा लगेच कुणीतरी औषधाचं नाव ठोकून दिलं. हे दुसरं जास्त वाईट. जाणता माणूस आधी उलट विचारील: कोवळी पानं पिवळी की जुनी? शिरा हिरव्या आहेत का? जमीन चुनखडीची आहे का, पाणी साचलंय का? कोवळ्या पानाच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असला, तर बहुतेक लोहाची कमतरता. हिरवे-पिवळे चट्टे असले तर मोझॅक या विषाणूच्या रोगाचा संशय घ्यायचा, आणि तो पांढरी माशी पसरवते. दोन्हीला एकच फवारणी कशी चालेल?

गटातले बहुतेक लोक नुसते वाचतात. त्यांना मी आळशी म्हणणार नाही. विचारणाऱ्याचं काय होतं, ते बघत असतात. त्या पोराला नीट उत्तर मिळालं, तर उद्या त्यातला एखादा तोंड उघडतो.

असं उलट विचारणारं कुणी नसलं तर काय होतं, ते १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात दिसलं. मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावानं ठार मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅप कंपनीनं भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढं पाठवता येईल, असं बंधन आणलं. पण ‘कुठल्या गावात? कुणी पाहिलं?’ हे आपल्या गटात आपल्यालाच विचारावं लागतं.

एलिनॉर ऑस्ट्रॉम या अमेरिकन बाईंना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. सामाईक पाणी, कुरणं, मासेमारी लोक मिळून कशी सांभाळतात, हा त्यांचा अभ्यास. जिथं वापरणाऱ्यांनीच नियम केले आणि शिक्षा आधी हलकी, मग वाढती ठेवली, तिथं अशी व्यवस्था टिकल्याचं त्यांना दिसलं. आपणही तसंच करू. आधी खासगीत फोन, मग एकदा ताकीद, काढून टाकणं सगळ्यात शेवटी. चारचौघांत कुणाला झापू नका. आपल्याकडं एकाचा पाणउतारा झाला की त्याची भावकीसुद्धा गट सोडते.

आणि हे एकट्या अ‍ॅडमिनच्या गळ्यात घालू नका. सप्ताहात वीणेचे पहारे वाटून घेतो ना आपण? वीणा जमिनीला टेकू देत नाही, आणि एकाच माणसाला सात दिवस उभंही करत नाही. तशा पाळ्या लावा. एका पाळीला एक ताई असू द्या. पुष्कळ घरांत फोन पोराच्या हातात असतो, बायका लिहायला संकोचतात. त्यांनी ताईला फोनवर सांगावं, ताईनं नाव न घेता प्रश्न टाकावा.

पेरणी झाली की प्रश्न धो धो येतात. त्याआधी, मृगाच्या अलीकडंच, ही पाळ्यांची यादी करा. आणि काढणीत पहारेकरीच रानात असतील, तेव्हाच्या पाळ्या कुणाच्या, तेही त्याच बैठकीत ठरवा.