हजेरीपटातलं नववीचं पान

नमस्कार श्रोतेहो. मी नववीचा वर्गशिक्षक. पोराची शाळा एका दिवसात सुटत नाही. आधी सोमवार बुडतो, मग बाजारचा दिवस, मग घटक चाचणी. हे सगळं हजेरीपटात असतंच. आम्ही महिनाअखेरीला बेरीज मारतो आणि पान उलटतो.

अमेरिकेत शिकागोच्या सरकारी शाळांत हे पान नीट वाचलं गेलं. नववीत मूल किती विषयांत नापास झालं आणि पुढच्या वर्गापुरतं शिकून झालं का, एवढंच तिथल्या विद्यापीठाच्या संशोधकांनी पाहिलं. २००५ साली त्यांनी मांडलं, की नववी धड पार पडलेल्यांची शाळा वेळेत पुरी होण्याची शक्यता इतरांच्या साडेतीन पट असते. घरची परिस्थिती, आधीचे गुण यांपेक्षा हीच खूण नेमकी ठरली.

आपल्याकडेही अडखळायला होतं ते इथंच. शिक्षण हक्क कायदा १४ वर्षांपर्यंतचा, गावची शाळा बहुधा सातवी-आठवीला संपते, आणि पुढं एसटी.

माझ्या वर्गातला एक मुलगा. जुलैत ११ दिवस गैरहजर, गणितात वीसपैकी चार. मी घरी निरोप धाडला. बापानं त्याला चोपलं. पुढं सहज त्याच्या वह्या चाळल्या, तर विज्ञान, इतिहास, सगळं रोजच्या रोज लिहिलेलं! म्हणजे हा गैरहजर पोरगा वर्गातच बसत होता. हजेरी पहिल्या तासाला, गणितही पहिल्याच तासाला, आणि त्याची एसटी फाट्यावर यायची तास निम्मा सरल्यावर. आकडे बरोबर होते, मी लावलेला अर्थ चुकला. तो मार माझ्या खात्यावर.

गणित तिसऱ्या तासाला नेलं. आता दर शनिवारी आम्ही तिघं शिक्षक दहा मिनिटं हजेरी आणि चाचणीचे गुण शेजारी ठेवून बसतो. निघालेली नावं माझ्या खणात राहतात, वर्गात वाचायची नाहीत. एकदा ‘गळतीवाला’ म्हटलं की पोरगं तसंच वागू लागतं.

आणि हो, दसरा जवळ आलाय. कोयत्यावर निघालेल्या आईबापांनो, मुलाला आजीपाशी ठेवणार असाल तर शेजारच्या घरातला एक फोन नंबर वर्गशिक्षकाला देऊन जा. आमच्या नोंदीत नंबर असतो बापाचा, आणि बाप असतो उसाच्या फडात.