खुर्चीतून आखलेली बाग

[दृश्य: नवी बांधलेली खोली, मोठी काच, बाहेर उघडी माती]

बागेत स्वतंत्र खोली बांधली, की बहुतेकजण घराच्या दारात उभं राहून उरलेल्या जागेची आखणी करतात. पण वेळ जातो तो त्या खोलीच्या आत बसून. म्हणून सुरुवात आतून करावी. जिथे खुर्ची राहणार तिथे बसावं आणि कुणालातरी बाहेर काठ्या रोवायला सांगावं. बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण 120 सेंटिमीटरवर असतात. काचेसमोर त्याहून उंच वाढणारं झुडूप लावलं, तर खिडकी असून नसल्यासारखी. समोर गुडघ्याएवढी लागवड, उंच झाडं दोन्ही बाजूंना आणि लांब, असं ठेवलं की नजर मोकळी राहते.

सगळी बाग एका नजरेत दिसली, तर ती आहे त्याहून लहान वाटते. पायवाटेचा काही भाग झाकेल असं उंच गवत किंवा विरळ फांद्यांचं झुडूप मध्येच हवं, आणि नजर जिथे थांबते तिथे थांबण्यासारखं काहीतरी: सुंदर खोडाचं झाड, पाण्याचं कुंड.

[दृश्य: भिंतीचा तळ जवळून, खालच्या फळ्यांवर चिखलाचे डाग]

आता भिंत आणि माती भेटते तो पट्टा. नुकसानीची सुरुवात बहुधा इथूनच होते. बाहेरची जमीन खोलीच्या आतल्या जमिनीपेक्षा निदान 15 सेंटिमीटर खाली असावी. मोकळ्या मातीवर पाऊस आपटला की शिंतोडे भिंतीवर उडतात. लाकडाच्या खालच्या फळ्या सतत ओल्या राहिल्या तर रंग सुटतो, बुरशी धरते आणि लाकूड कुजतं. भिंतीलगत 30 ते 40 सेंटिमीटर रुंद जाड खडीचा पट्टा ठेवला, तर पाणी खडीतच जिरतं. वाफ्यात दरवर्षी खत आणि पालापाचोळा पडून माती नकळत चढत जाते. सोडलेलं अंतर असंच बुजतं, म्हणून ते अधूनमधून मोजून माती खाली ओढावी. खोली खांबांवर उभी असेल, तर तिच्याखालून वारा खेळायला हवा. ती फट झाडांनी किंवा फळ्यांनी बंद करू नये.

आतली फरशी आणि बाहेरची बैठक एकाच पातळीत असावी, असं अनेकांना वाटतं. ते दिसतंही देखणं. पण मग ते 15 सेंटिमीटरचं अंतर दाराशी उरत नाही. अशा वेळी दाराच्या पूर्ण रुंदीएवढी जाळीची नाली बसवावी, आणि बाहेरच्या फरशीला खोलीपासून दूर जाणारा, मीटरमागे 12 ते 15 मिलिमीटरचा उतार द्यावा. नालीचं पाणी पुढे कुठे जाणार, हे आधी ठरवायचं. वाट नसेल, तर पहिल्याच मोठ्या पावसात ती भरते आणि पाणी आत येतं.

छतावरच्या पाण्याचा हिशेब सोपा आहे. 1 चौरस मीटरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1 लिटर. 15 चौरस मीटरच्या छतावर 20 मिलिमीटर पाऊस पडला, तर 300 लिटर पाणी उतरतं. पन्हळीखाली ठेवलेलं 200 लिटरचं पिंप तेवढ्यात भरून वाहू लागतं. वरून वाहणारं हे पाणी नळीने पायापासून किमान 3 मीटर लांब, खोलगट वाफ्यात सोडावं.

[दृश्य: घरापासून खोलीकडे जाणारी पायवाट]

पायवाट दोघांना शेजारी चालता येईल अशी, 120 सेंटिमीटर रुंद असावी. उगाच नागमोडी वाट काढू नये. माणसं वळण सोडून सरळ चालतात आणि गवतात दुसरी वाट पडते. वळण हवंच असेल तर तिथे झाड किंवा मोठा दगड असू द्यावा.

वेल भिंतीवर थेट चढवू नये. भिंतीपासून 5 ते 10 सेंटिमीटर अंतरावर ताटी उभी करावी आणि ती आकड्यांवर अडकवावी, म्हणजे रंगकामाच्या वेळी वेलासकट पुढे झुकवता येते. पसरणारा बांबू लावायचा असेल, तर 60 सेंटिमीटर खोल मूळरोधक पत्रा पुरावा आणि त्याची कड मातीच्या वर 5 सेंटिमीटर ठेवावी, नाहीतर कंद वरून उडी मारतात. चिकण मातीत मोठं झाड खोलीजवळ नकोच. मुळं पाणी ओढून घेतात, माती आकसते आणि पाया खचतो.

मावळतीचं ऊन तिरपं येतं, त्यामुळे छताची पुढे आलेली कड ते अडवू शकत नाही. पश्चिमेला पानगळीचं झाड लावलं, तर उन्हाळ्यात सावली मिळते आणि थंडीत ऊन आत येतं. काचेत झाडं उमटतात आणि पक्षी त्यावर आदळतात. काचेच्या बाहेरच्या बाजूला दर 5 सेंटिमीटरवर ठिपके लावावेत.

[दृश्य: रात्र, काचेत फक्त आतलं प्रतिबिंब]

बाहेर अंधार आणि आत लख्ख दिवा असेल, तर काचेचा आरसा होतो. झाडांच्या बुंध्याशी 2700 केल्विनचे, म्हणजे उबदार पिवळसर उजेडाचे, मंद, झाकलेले दिवे लावावेत आणि आतला उजेड कमी करावा. त्यासाठी लागणारी चिलखती (धातूचं कवच असलेली) केबल पायवाट बांधण्याआधीच, किमान 45 ते 60 सेंटिमीटर खोल टाकावी. जोडणी परवानाधारक वीजतंत्रज्ञाकडून करून घ्यावी. केबलच्या वर इशारापट्टी अंथरावी. चर बुजवण्यापूर्वी त्यात मोजपट्टी ठेवून फोटो काढावा आणि भिंतीपासूनची अंतरं नकाशावर लिहून ठेवावीत. पुढे झाड लावायला खड्डा खणताना तोच नकाशा लागतो.