एल्फिन्स्टनचे विद्यार्थी आणि सकाळच्या शाळा

अध्यक्षमहाशय आणि श्रोतेहो,

मुंबई विद्यापीठाच्या १८६२ सालच्या पहिल्या बी. ए. परीक्षेत उत्तीर्ण झालेले चौघे, म्हणजे महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक, आपल्या परिचयाचे आहेत. आज मला बोलायचे आहे ते त्यांच्या आधीच्या पिढीविषयी. या पिढीपुढे विद्यापीठ नव्हते, पदवी नव्हती. आणि तरीही विद्यार्थिदशेत माणसाने काय करावे, याचा तिने घालून दिलेला पाठ मला अधिक मोलाचा वाटतो.

माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन १८२७ साली मुंबईच्या गव्हर्नरपदावरून निवृत्त झाले, तेव्हा मुंबईकरांनी त्यांच्या स्मरणार्थ दोन लाखांहून अधिक रुपयांचा निधी जमवला. त्या निधीतून उभ्या राहिलेल्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये १८३५ साली ऑर्लेबार आणि हार्कनेस हे प्राध्यापक विलायतेहून येऊन शिकवू लागले. बाळशास्त्री जांभेकरही तेथेच अध्यापन करीत. नवे ज्ञान इंग्रजीतून घ्यावे आणि मराठीतून लोकांपर्यंत न्यावे, हा त्यांचा परिपाठ होता. 'दर्पण' आणि 'दिग्दर्शन' ही त्यांची पत्रे त्याची साक्ष देतात. १८४६ साली ते अकाली गेले, परंतु हा परिपाठ त्यांच्या विद्यार्थ्यांनी सोडला नाही.

दादाभाई नौरोजी या विद्यार्थ्यांपैकी एक. घरची गरिबी, वडील लहानपणीच वारलेले. त्या काळी तेथील शिक्षण विनामूल्य होते, म्हणूनच ते शिकू शकले. आपले शिक्षण गोरगरिबांच्या पैशांतून झाले आहे आणि आपणही त्यांच्यापैकीच आहोत, तेव्हा जे मिळाले ते लोकांना परत केले पाहिजे, ही जाणीव आपल्याला त्या वयातच झाली, असे त्यांनी उतारवयात लिहिलेल्या आठवणींत नमूद केले आहे. ही ऋणाची जाणीव लक्षात घेतल्याखेरीज पुढची हकीकत नीट उलगडत नाही.

१८४८ साली प्राध्यापक पॅटन यांच्या प्रोत्साहनाने विद्यार्थ्यांनी 'स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी' स्थापन केली. प्रारंभी तिचे स्वरूप निबंधवाचनाचे आणि चर्चेचे होते, आणि चर्चेची भाषा इंग्रजी. पण लवकरच सभासदांनी तिला ज्ञानप्रसारक सभांच्या रूपाने गुजराती आणि मराठी शाखा जोडल्या. मराठी शाखेचे अध्यक्षपद व्याकरणकार दादोबा पांडुरंगांकडे आले, आणि १८५० पासून 'मराठी ज्ञानप्रसारक' हे मासिक निघू लागले. वर्गात इंग्रजीतून समजलेला पदार्थविज्ञानाचा एखादा सिद्धांत इंग्रजी न जाणणाऱ्या माणसाला मराठीत समजावून सांगायचा, तर प्रथम तो आपल्याला खरोखरच कळला आहे की नाही हे पाहावे लागते. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत झाकून जाणारे अज्ञान अशा सभेत उघडे पडते, आणि म्हणून या शाखांना मी त्या मुलांची खरी परीक्षा मानतो.

मात्र त्यांचे सर्वांत धाडसी काम या चर्चेतूनच निघाले. सोसायटीत स्त्रीशिक्षणावर निबंध वाचला गेला, त्यावर हिरिरीने बोलणे झाले, आणि बोलण्यावर न थांबता प्रत्यक्ष काही करावे असे पॅटन यांनी सुचवले. ते विद्यार्थ्यांनी मनावर घेतले. ते घरोघर फिरले. मुलींना शाळेत धाडायचे नसेल तर निदान तुमच्या ओसरीवर बसून त्यांना अक्षरओळख करून देण्याची परवानगी द्या, अशी विनवणी ते वडीलमंडळींना करीत; काही संतापलेल्या वडिलांनी त्यांना जिन्यावरून खाली ढकलून देण्याची धमकीही दिली. अखेर ऑक्टोबर १८४९ मध्ये शाळा सुरू झाल्या, आणि आरंभी त्यांत ४४ पारशी आणि २४ हिंदू मुली आल्या. सकाळी या मुलींना शिकवायचे आणि मग स्वतःच्या नित्याच्या अभ्यासाला किंवा कामाला लागायचे, असा या तरुणांचा क्रम होता. या कामाचे वेतन त्यांना सुरुवातीला मिळत नव्हते. मराठी मुलींच्या शाळेसाठी जगन्नाथ शंकरशेट यांनी गिरगावातील आपल्या वाड्यात जागा दिली, तर पारशी मुलींच्या शाळांमागे कामा कुटुंब उभे राहिले.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. मुलींची शाळा काढण्यात हे तरुण पहिले नव्हते; पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी आदल्याच वर्षी ते कार्य आरंभले होते, आणि तेही शूद्रातिशूद्रांच्या मुलींना शिकवण्याच्या निश्चयाने. मुंबईच्या विद्यार्थ्यांची दृष्टी तेथवर पोहोचली नव्हती. त्यांचे काम बहुतांशी आपापल्या समाजाच्या उंबरठ्याआत राहिले. ही मर्यादा मान्य करूनही, ४४ आणि २४ हे आकडे मला लहान वाटत नाहीत. त्यांतील प्रत्येक मुलीमागे एका बापाचे वळवलेले मन आहे, आणि ते वळवणारा बहुधा विशी-पंचविशीतला तरुण होता.

दादाभाई पुढे त्याच संस्थेत गणित आणि पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक झाले; त्या पदावर नेमलेले ते पहिले हिंदी गृहस्थ. १८५५ साली ते व्यापारानिमित्त इंग्लंडला गेले, १८९२ साली ब्रिटिश पार्लमेंटचे सभासद झाले, काँग्रेसचे अध्यक्षपद त्यांनी तीनदा भूषवले. या साऱ्या मानांनंतरही 'प्राध्यापक' या पदवीचा आपल्याला सर्वाधिक अभिमान वाटतो, असे त्यांनी लिहिले, आणि त्या दिवसांतली जुनी माणसे अजून आपल्याला 'दादाभाई प्रोफेसर' म्हणूनच हाक मारतात, याचा आनंदही नोंदवून ठेवला.